बंदुकीच्या अर्जावर बाबांची सही

आमच्या गावात ज्याच्या घरी बंदूक होती त्याच्या अर्जावर बाबांची सही होती, आणि बंदूक नाही असं घर शोधायला गेलं असतं तर पाद्रीबुवांचं धरून चार-पाच निघाली असती. तेव्हाचा कायदा असा, की अर्जदाराला निदान दोन वर्षं ओळखणाऱ्या एखाद्या प्रतिष्ठित माणसानं ‘हा गृहस्थ बंदूक बाळगायला योग्य आहे’ म्हणून सही करायची, अर्जावर एक आणि फोटोच्या मागे एक. प्रतिष्ठित म्हणजे डॉक्टर, वकील, पाद्री वगैरे. वकील पंधरा मैलांवर राहायचा, पाद्री दर तीन वर्षांनी बदलायचा. उरले बाबा. नागपूरहून आलेला, थंडीत तीन स्वेटर चढवणारा, आयुष्यात दिवाळीतल्या टिकल्यांच्या पिस्तुलापलीकडे काही न उडवलेला माझा बाप यॉर्कशरच्या त्या खोऱ्यातल्या तमाम बंदुकांना जामीन राहिला होता. आई म्हणायची, “स्वतः उंदराला घाबरतात आणि सह्या बघा कशावर करतात!”

हे सह्यांचं प्रकरण रविवारी सकाळी चालायचं. दहाच्या सुमारास मागच्या दाराशी बूट आपटल्याचा आवाज आला, की आई गॅसवरचं चहाचं आधण वाढवायची. बूट बाहेर, हा तिचा नियम. त्यातून कुणाची सुटका नव्हती. सहा-सहा फुटी शेतकरी टोपी हातात धरून, भोकं पडलेल्या मोज्यांनी आमच्या स्वयंपाकघरात अवघडून उभे राहायचे आणि टेबलावर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी ठेवायचे. कधी ससा, कधी जोडीनं बांधलेले फेझंट पक्षी, कधी कबुतरं. आई कोल्हापूरची. तिच्या हातात काहीही पडलं की त्याचा तांबडा रस्सा व्हायचा. लीड्सहून महिन्यातून एकदा आणलेलं खोबरं आणि मिरच्या, त्यात तिनं घरी कुटलेला मसाला. दुपारपर्यंत भिंतींनाही भूक लागावी असा वास सुटायचा. जेवायला बसताना दर वेळी एकच सूचना: “छर्रे बघून चावा रे.” दाताखाली छर्रा आला की काढून स्टीलच्या ताटात टाकायचा, टण्ण! माझं लहानपण मला आजही त्या आवाजावरून आठवतं. आणि गंमत म्हणजे लग्नाआधी अंडंही लपून खाणारे बाबा सगळ्यांत जास्त रस्सा ओरपायचे.

सह्यांच्या गिऱ्हाइकांत सगळ्यांत जुने वॉल्टरकाका. आमच्या मागच्या कुंपणाला लागून त्यांची मेंढरांची शेती होती. त्यांना ‘काका’ केलं ते आईनं. वडीलधाऱ्या माणसाला नुसत्या नावानं हाक मारायची म्हटलं की तिच्या अंगावर काटा यायचा; मग ती स्वतःही त्यांना काकाच म्हणायला लागली. त्यांनाही ते इतकं आवडलं, की नाताळच्या कार्डावर त्यांच्या बायकोच्या, एल्सीकाकूंच्या, वळणदार अक्षरात ‘एल्सी अँड काका’ अशी सही यायची. मी जन्मायच्या वेळी बर्फ शेतांच्या दगडी भिंतींच्या डोक्यापर्यंत चढला होता आणि अँब्युलन्स खोऱ्यात शिरेना. तेव्हा वॉल्टरकाकांनी ट्रॅक्टरच्या ट्रेलरमध्ये गवताचे भारे रचून त्यावर आईला निजवलं, एल्सीकाकूंच्या मांडीवर तिचं डोकं, पावलांना ऊब म्हणून मेंढ्यांचं कुत्रं, आणि तसं मोठ्या रस्त्यापर्यंत नेलं. ही गोष्ट मी हजारदा ऐकली आहे. प्रत्येक वेळी बाबा शेवटी म्हणायचे, “या माणसाला मी कशालाच नाही म्हणू शकत नाही.” ते वाक्य पुढे कुठं नेणार आहे, हे तेव्हा कुणाला ठाऊक!

गावात एक क्लब होता. त्याचं कागदावरचं नाव चांगलं भारदस्त होतं, पण सगळे त्याला व्हर्मिन क्लबच म्हणत. चिचुंद्र्यांसारखे जमीन पोखरणारे मोल, कावळे, मॅगपाय आणि कोल्हे यांचा बंदोबस्त करायचा, हे त्याचं काम. आपल्याकडे ज्याला खोकड म्हणतात तो हा प्राणी, पण आमच्या घरात कोल्हाच म्हणत आलो. फेब्रुवारीच्या शेवटी, मेंढ्या विण्याच्या आधी, ‘फॉक्स डे’ असायचा. रानाच्या कडेनं वीसेक बंदुका उभ्या राहायच्या आणि आम्ही पंधराएक जण रांगेनं काठ्या आपटत, ओरडत आतून चालायचो. आईला हे नवं नव्हतं. तिचे आजोबा शिकारी; “हा तर आपला हाका!” असं ती पहिल्याच वर्षी म्हणाली होती, आणि आमच्या घरात मग तो हाकाच झाला आणि मी हाकारी. माझी लंडनला, कॅमडेनमध्ये राहणारी नात हे ऐकून माझ्याशी दोन दिवस बोलली नव्हती. तिच्या परसात एक कोल्हीण येते, तिला ही पोरगी बिस्किटं घालते, तिचं नावही ठेवलंय. “आजी, तू फॉक्सला मारायला गेला होता?” तिनं तिच्या मोडक्या मराठीत विचारलं. काय सांगायचं तिला? बारा वर्षांची असताना मी वॉल्टरकाकांच्या शेतात सकाळी जन्मलेलं कोकरू दुपारी जीभ आणि थोबाड खाल्लेल्या अवस्थेत, जिवंत, पाहिलं होतं. कोल्ह्यावर माझा राग नाही. त्यालाही पिल्लं असतात. पण बिस्किटं घालणाऱ्याला कोकरं राखावी लागत नाहीत, एवढंच माझं म्हणणं.

मी सतरा वर्षांची असताना दिवाळीच्या सुमारास एल्सीकाकू गेल्या. त्यानंतर वॉल्टरकाकांच्या घरातलं काहीतरी बिनसलं आहे, हे आधी आईच्या लक्षात आलं. चहा ओतताना ते कपात बोट घालून बसायचे, म्हणजे भरला की कळावं. वर्तमानपत्र घडी न मोडता पडलेलं असायचं. कुत्र्याला पाजायचं औषध त्यांनी दोनदा स्वतःच्या चहात घातलं. आणि जानेवारीतल्या एका रविवारी ते मोज्यांनी आत आले, ते थेट खुर्चीच्या पाठीला धडकले. हातात अर्ज होता. सर्टिफिकेटची मुदत संपत आली होती.

बाबांनी अर्ज घेतला, पण पेन उचललं नाही. “वॉल्टर, डोळे शेवटचे कधी तपासले?”

“डोळ्यांना काय धाड भरलीय?”

“मोतीबिंदू पिकलाय तुमचा. मला इथून दिसतोय.”

“असेल. मेंढ्यांची वीण उरकली की जातो लीड्सला. आत्ता गेलो तर मेंढ्या कोण बघणार, डॉक्टर?” मग टोपीची कड चाचपत ते हळूच म्हणाले, “एल्सी गेल्यापासून सकाळी उठायला मला दोनच कारणं उरली आहेत. मेंढ्या आणि फॉक्स डे.”

बाबांनी सही केली. अर्जावर एक, फोटोच्या मागे एक. शाई वाळावी म्हणून मी त्यावर फुंकर घातली, हेही मला चांगलं आठवतं.

काका गेले आणि आईनं कढईत उलथनं आपटलं. “केलीत सही?”

“दोन-तीन महिन्यांचा प्रश्न आहे. मग ऑपरेशन होईलच.”

“आणि तोवर कोल्ह्यानं काय करायचं? समोर येऊन नाव सांगायचं?”

“अगं, त्यांनी तुला बर्फातून नेलंय...”

“म्हणूनच म्हणतेय! परक्यासाठी कोण भांडतंय? भीड भिकेची बहीण म्हणतात, तुम्ही तर तिला घरीच आणून बसवलीय.”

मी बाबांच्या बाजूनं बोलले. आई उगाच कठोर होते आहे, असं मला मनापासून वाटलं. सतराव्या वर्षी माणूस दुसऱ्याच्या वतीनं फार उदार असतो. त्या दिवशी बाबांनी रस्सा दुसऱ्यांदा मागितला नाही.

फॉक्स डेच्या सकाळी नळ गोठले होते. मी निघाले तेव्हा आईनं मला दारात अडवलं आणि डोक्यावर कानटोपी चढवली. ताजी विणलेली. बाबांचा नागपूरहून आणलेला एक जुना स्वेटर उसवून तिनं ती आठवड्याभरात पुरी केली होती. मी कुरकुरले, कारण गावातली एकही मुलगी कानटोपी घालत नव्हती. “कान गोठून पडले की मग फॅशन कर,” ती म्हणाली. लोकर विटकरी-तांबूस होती, थेट कोल्ह्याच्या पाठीचा रंग. हे आज मला दिसतं. त्या दिवशी शिकाऱ्याची नात असलेल्या माझ्या आईलाही दिसलं नाही. तिला फक्त माझे कान दिसत होते. शंभर कोल्हे मारलेल्या त्या गावात अंगावर असा रंग घालून हाक्याला जायची अक्कल आमच्याच घराला सुचावी!

हाका सुरू झाला. शिंग वाजलं, आम्ही लार्चच्या झाडीतून ‘हो हो हो’ करत निघालो. नियम दोनच होते. हाकाऱ्यांनी रांग मोडायची नाही, आणि कोल्हा झाडीतून निघून मोकळ्यावर आल्याशिवाय बंदुकवाल्यांनी बार टाकायचा नाही. पहिला नियम मी मोडला. मध्ये चिखल लागला, तो चुकवायला मी कडेनं पुढे गेले आणि रानाच्या कडेच्या दगडी भिंतीशी वाळलेल्या नेच्यांत निघाले. नेचे कमरेएवढे होते, मी वाकून चालत होते, वर दिसत असेल ती फक्त टोपी. दुसरा नियम वॉल्टरकाकांनी मोडला. झाडी कुठं संपते आणि मोकळं कुठं सुरू होतं हे त्यांना दिसतच नव्हतं, मग नियम तरी कसला मोडणार!

बार झाला. शेजारच्या बर्चची साल उडून माझ्या तोंडावर आली आणि डाव्या दंडाला कुणीतरी कचकचून चिमटा काढल्यासारखं वाटलं. मी आडवी पडले. तेवढ्यात ओळखीचा आवाज आला, अगदी आनंदानं ओरडलेला: “चुकला! काय देखणा नर होता!” मी उठले. चाळीस पावलांवर वॉल्टरकाका उभे होते. मी टोपी काढली, हात वर केला. ते माझ्याकडेच बघत होते, बंदुकीत नवीन काडतूस भरत होते, आणि त्यांना मी दिसत नव्हते. आजूबाजूला दुसरं कुणी नव्हतं. पुढचा बंदुकवाला भिंतीच्या वळणापलीकडे होता. मी वाकून परत झाडीत शिरले. मी हाक मारली नाही; मारली असती तर बार कुणावर टाकला ते त्यांना कळलं असतं.

दुपारचं जेवण त्यांच्याच कोठारात असायचं. आई दरवर्षी दोन मोठी पातेली मिसळ करून न्यायची. पाव म्हणून बेकरीचे मोठे बन, वरून बारीक कांदा. नाकाडोळ्यांतून पाणी काढत ते शेतकरी तीन-तीनदा घ्यायचे आणि पुन्हा कधीच खाणार नाही म्हणायचे. वॉल्टरकाका गवताच्या भाऱ्यावर बसून चुकलेल्या कोल्ह्याची गोष्ट सांगत होते. दर घासाला कोल्हा वीतभर वाढत होता. एल्सीकाकू गेल्यापासून मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहत होते. मी कोटाची बाही घट्ट धरून बसले होते. बोलले तर त्यांची बंदूक जाणार, हसू जाणार, आणि बाबांची सही खोटी ठरणार. नाही बोलले तर? तेवढ्यात क्लबच्या कॅप्टननं दुपारच्या जागा वाचून दाखवल्या. वरच्या रानातून हाकारी जिथं बाहेर पडतात, त्या कोपऱ्यावर वॉल्टर. मी ताट बाजूला ठेवलं.

आई वाढत वाढत माझ्यापाशी आली. “हात का असा धरलायस?”

“पडले.”

“पडल्यावर गुडघा फुटतो. दंडावर भोकं कशी पडली?”

“आई, ओरडू नको,” मी कांदा मागावा तशा आवाजात म्हणाले. “वॉल्टरकाकांचा बार लागलाय. त्यांना कोल्हा वाटला. त्यांना माहीतच नाही.”

भरलेल्या कोठारात आमचं मराठी फक्त आमचं होतं. आईचा चेहरा पांढरा पडला, पण तिनं पुढच्या माणसाच्या ताटात डाव रिकामा केला, त्याला इंग्रजीत “जपून हं, तिखट आहे” म्हणाली, आणि त्याच दमात हाक मारली, “अहो, इकडे या. हसत या.”

बाबा आले. तिनं दोन वाक्यांत सांगितलं. बाबांनी पाठ लोकांकडे करून माझा दंड चाचपला. “हाडाला नाही लागलेलं,” ते म्हणाले. मग, “मी वॉल्टरला बाजूला घेऊन सांगतो.”

“बाजूला घेतलंत की तुम्ही विरघळाल,” आई म्हणाली. “अजून पंधरा पोरं त्या रानात जायची आहेत. इथंच सांगा.”

माझ्या बापाला चारचौघांत मोठ्यानं बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. ते कोठाराच्या मध्यभागी जाऊन उभे राहिले. “दुपारी वॉल्टर उभे राहणार नाहीत,” ते म्हणाले. “त्यांना दिसत नाही. हे मला जानेवारीत माहीत होतं, आणि तरी मी त्यांच्या अर्जावर सही केली. चूक त्यांची नाही, माझी आहे. सकाळचा तो कोल्हा नव्हता. माझ्या मुलीच्या दंडात छर्रे आहेत.”

वॉल्टरकाकांच्या तोंडावर गोष्टीतलं हसू तसंच राहिलं होतं, कारण शब्द अजून आत पोचले नव्हते. मग ते उठले. “मँडी?” गावात माझ्या मंदाकिनीचं मँडी झालं होतं. “कुठं आहे ती?” मी चार पावलांवर होते. “इथं आहे, काका,” मी म्हणाले. ते हात पुढे करून आवाजाच्या रोखानं आले, माझ्या चेहऱ्याला हात लावला, आणि नाकाला नाक लागेल इतके जवळ आल्यावर त्यांना मी दिसले. मी रडायला लागले. दुखतंय म्हणून नव्हे; मला त्यांची इतकी दया आली, की मी त्यांचंच सांत्वन करायला लागले. “काही नाही झालं काका, चिमटाच बसला.” त्यांनी बंदूक आणली, उघडली, दोन्ही नळ्यांत बोट घालून रिकाम्या असल्याची खात्री केली आणि बाबांच्या नव्हे, आईच्या हातात दिली. एका हातात डाव, एका हातात बंदूक घेऊन माझी आई उभी होती आणि तिच्या डोळ्यांना धार लागली होती. मी तिला त्याआधी आणि नंतरही असं रडताना पाहिलं नाही.

दुपारचा हाका झाला नाही. बाबांनी त्याच संध्याकाळी माझ्या दंडातले छर्रे काढले आणि पोलिसांना पत्र लिहून सगळं कळवलं. सार्जंट येऊन बंदूक घेऊन गेला आणि बाबांना मोजून चार शब्द सुनावून गेला. बाबांनी ते मान खाली घालून ऐकले. गावातले काही जण रविवारचे यायचे थांबले, पंधरा मैलांवरच्या वकिलाकडे जायला लागले. जे आले त्यांच्यासाठी बाबांनी स्वयंपाकघराच्या दारामागे डोळे तपासायचा तक्ता टांगला. आधी मोजे, मग चहा, मग एकेक डोळा झाकून अक्षरं, आणि मगच पेन. “आता कसे माणसात आलात!” आई म्हणाली. बाबांची भीड पुरती गेली असं नाही म्हणणार. ती पेन उचलण्यापुरती गेली.

वॉल्टरकाका तीन आठवडे कुणाला भेटले नाहीत. आई कुंपणाच्या भिंतीवर डबा ठेवायची, तो संध्याकाळी घासूनपुसून परत ठेवलेला असायचा. मेंढ्या व्यायला लागल्या तशी मी न विचारता त्यांच्या गोठ्यात गेले. त्यांनी माझ्या पावलांचा आवाज ओळखला आणि दुधाची बाटली आणि एक पोरकं कोकरू माझ्याकडे सरकवलं. तो सगळा महिना आम्ही मेंढ्यांशिवाय दुसरं काही बोललो नाही. उन्हाळ्यात बाबा त्यांना स्वतः गाडीतून लीड्सला घेऊन गेले, दोन्ही डोळ्यांसाठी दोनदा. शेवटची पट्टी निघाल्यावर त्यांनी बाबांकडे निरखून पाहिलं आणि म्हणाले, “डॉक्टर, तुम्ही किती म्हातारे झालात हो!”

पुढच्या जानेवारीत एका रविवारी ते मोज्यांनी आत आले, तक्त्यासमोर उभे राहिले आणि शेवटची ओळ तर वाचलीच, पण तिच्याखाली छापखान्याचं बारीक नाव होतं तेही वाचून दाखवलं. बाबांचा चेहरा उजळला. त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि अर्जासाठी हात पुढे केला. काकांनी अर्ज आणलाच नव्हता. “तुम्हाला दाखवायला आलो होतो,” ते म्हणाले आणि चहा पिऊन गेले.

त्या वर्षीच्या फॉक्स डेला ते हाकाऱ्यांच्या रांगेत आले, हातात काठी घेऊन. कॅप्टननं माझ्या शेजारची जागा त्यांच्यासाठी रिकामी ठेवली. बंदुका उजवीकडे, रानाच्या भिंतीपलीकडे उभ्या होत्या. शिंग वाजलं तसे वॉल्टरकाका माझ्या डावीकडून निघून उजवीकडे आले आणि मी आणि भिंत यांच्या मधून चालायला लागले. ती कड सगळी काटेरी होती. ब्रॅम्बलची झुडपं त्यांच्या गुडघ्यांपर्यंत चढली होती आणि विजारीला अडकून ती फाडत होती.

“काका, तिकडं काटे आहेत,” मी म्हणाले. “इकडून या ना.”

“दिसतायत मला, पोरी,” ते म्हणाले, आणि त्याच बाजूनं चालत राहिले.